‘मला करू दे’ म्हणणाऱ्या वयासाठी घरातली माँटेसरी

‘माँटेसरी’ हा शब्द मराठी घरांना परका नाही. ‘मुलाला माँटेसरीत घातले’ असे आजी-आजोबांच्या पिढीपासून म्हटले जाते. मात्र त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘पहिलीच्या आधीची शाळा’ एवढाच घेतला जातो. हे नाव कोणा एका संस्थेच्या मालकीचे नसल्याने ते कोणत्याही बालवाडीच्या पाटीवर झळकू शकते. आता त्याच नावाने लाकडी ठोकळे, मणी आणि चौकटी यांचे महागडे संच घरपोच मिळतात आणि संच आला की घरात माँटेसरी आली, असा समज होतो. वस्तुतः डॉ. मारिया माँटेसरी यांच्या विचारातील घरी आणण्याजोगा भाग जवळजवळ बिनखर्चाचा आहे. तो अवघड ठरतो तो वेगळ्याच कारणाने. त्यासाठी मोठ्या माणसांना आपला हात आवरता घ्यावा लागतो.

शाळा नव्हे, ‘मुलांचे घर’

डॉ. माँटेसरी (१८७०-१९५२) व्यवसायाने वैद्यकीय डॉक्टर होत्या. बौद्धिक वाढ मंदावलेल्या मुलांसोबत काम करताना त्यांना शिक्षणाची वाट सापडली. रोममधील सान लोरेन्झो या कामगार वस्तीत आई-वडील कामावर गेले की मुले इमारतींच्या जिन्यांवर, आवारात मोकाट फिरत आणि नासधूस करीत. या मुलांसाठी ६ जानेवारी १९०७ रोजी जे केंद्र सुरू झाले त्याचे नाव होते ‘कासा देई बांबिनी’, म्हणजे ‘मुलांचे घर’. तेथे मुलांना सहज उचलता येतील अशी हलकी टेबले आणि खुर्च्या होत्या, त्यांच्या हाताला लागतील अशी कपाटे होती. मुले झाडलोट करीत, वाढप करीत आणि हाती घेतलेल्या कामात इतकी गढून जात की पाहणाऱ्यांना नवल वाटे.

१९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून डॉ. माँटेसरी मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या. दुसऱ्या महायुद्धात इटली ब्रिटनच्या विरोधात उतरल्याने त्या भारतातच अडकल्या आणि १९४६ पर्यंत त्यांचा मुक्काम येथे राहिला. ‘द अॅब्सॉर्बंट माइंड’ हे त्यांचे गाजलेले पुस्तक अहमदाबाद येथील व्याख्यानांतून सिद्ध झाले. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतचे मूल शिकवल्याने शिकत नाही, तर भोवतालचे सारे टिपून घेते, हा त्या पुस्तकाचा गाभा आहे.

त्यापूर्वीच हा विचार पश्चिम भारतात रुजू लागला होता. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम उभे केले आणि त्यांना अनुताई वाघ यांची साथ लाभली. परदेशी धर्तीची महाग साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यामुळे शंख-शिंपले, खडे, पाने, बिया ही साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ची कल्पना या कामातूनच आकाराला आली. घरी काही करू पाहणाऱ्या पालकांसाठी बोर्डीचा हा अनुभव मोलाचा आहे. साधने बदलली तरी तत्त्व कायम राहते, हे तेथे सिद्ध झाले.

ओट्याच्या खाली राहिलेले मूल

रोममध्ये मुलांसाठी बुटके फर्निचर मुद्दाम घडवावे लागले. जुन्या मराठी घरात ती सोय आपोआप होती. पंगत जमिनीवर, बसायला पाट, चूल जमिनीलगत, विळी आणि जातेही बसून वापरायचे. रांगणाऱ्या मुलाला सारा स्वयंपाक डोळ्यांसमोर दिसे आणि त्यात हात घालता येई. पुढे उभ्याचा ओटा आला, डायनिंग टेबल आले, बेसिन आले. मोठ्यांची कंबर सुटली, पण घरातील सर्वांत रंजक कामे मुलाच्या डोक्यावरून निघून गेली. हात धुण्यासाठीही त्याला कोणीतरी उचलून धरावे लागते. अशा मुलाला ‘परावलंबी’ म्हणताना ते अवलंबित्व आपल्या घराच्या रचनेने लादले आहे, हे विसरले जाते.

यावर उपाय सोपे आहेत. बेसिनपाशी न डगमगणारे स्टूल ठेवावे. स्वयंपाकघरातील सर्वांत खालचा खण मुलाच्या ताटली, वाटी आणि पेल्यासाठी राखावा. दप्तर व टोपीसाठी त्याच्या खांद्याच्या उंचीवर खुंटी ठोकावी. खेळणी एका मोठ्या टोपलीत कोंबण्याऐवजी सहा-सातच मांडावीत, उरलेली बाजूला ठेवून अधूनमधून बदलावीत. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला क्रमाची विलक्षण ओढ असते. नेहमीची वाटी बदलली म्हणून ते रडते तेव्हा तो हट्टच असतो असे नाही. त्याच्या जगाची घडी विसकटलेली असते. एका खोलीच्या घरातही हे बदल शक्य आहेत.

रागावण्याआधी दाखवावे

डॉ. माँटेसरी यांनी एक प्रसंग नोंदवला आहे. एकदा त्यांनी मुलांना रुमालाने आवाज न करता नाक कसे शिंकरावे, एवढेच करून दाखवले. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नाकावरून मुलांना सतत बोलणी बसतात, पण ते स्वच्छ कसे करावे हे त्यांना कोणी शांतपणे शिकवलेलेच नसते, हे त्यांच्या ध्यानात आले.

मराठी घरातही ‘सांडू नकोस’ असे दिवसातून अनेकदा म्हटले जाते, पण पेला दोन्ही हातांनी कसा धरावा हे क्वचितच दाखवले जाते. दाखवताना बोलणे कमी आणि हालचाल संथ असावी. मूल एका वेळी हात तरी पाहते किंवा शब्द तरी ऐकते. नवे शब्द शिकवतानाही तीन पायऱ्या पुरतात. आधी ‘हा गहू, ही ज्वारी’ असे सांगावे. मग ‘ज्वारी कोणती, दाखव’ असे विचारावे. शेवटी एक दाणा पुढे करून ‘हे काय?’ म्हणावे. उत्तर चुकले तर न रागावता, न टोकता पुन्हा पहिल्या पायरीवर यावे.

कोणत्या वयात काय?

मूल दीड-दोन वर्षांचे झाले की रिकामी वाटी जागेवर नेणे, सांडलेले पाणी फडक्याने टिपणे, धुवायचे कपडे बादलीत टाकणे ही कामे त्याला आवडतात. अडीच-तीन वर्षांचे मूल छोट्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतू शकते, चपला जोडीने लावू शकते, कोथिंबिरीची पाने खुडू शकते. चौथ्या वर्षाच्या आसपास मटार सोलणे, रुमालाच्या घड्या घालणे, बटणे लावणे जमू लागते. पाच-सहा वर्षांचे मूल लहान पोळपाटावर पोळी लाटू शकते, ताटे मांडू शकते, झाडांना पाणी घालू शकते. ही कामे मुलगा आणि मुलगी या दोघांचीही आहेत.

या कामांचा हेतू आईचा भार हलका करणे हा नाही. सुरुवातीला तो वाढतोच. मटार सोलताना बोटांची जी चिमूट घट्ट होते, तीच पुढे पेन्सिल धरते. पाणी ओतताना डोळा आणि हात यांचा मेळ बसतो. पाणी सांडले की चूक कोणी न सांगताच कळते आणि फडके हाती दिले की ती निस्तरताही येते.

खरी अडचण जेवणाच्या वेळी येते. चिऊचा घास, काऊचा घास ही मायेची रीत आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला मोबाइलवरील चित्रे दाखवत भरवले जाते, तेव्हा पोट भरल्याची जाणीव आणि हाताने खाण्याचे कौशल्य ही दोन्ही मागे पडतात. आजीला भरवायचे असेल तर निदान पहिले चार घास मुलाने आपल्या हाताने घ्यावेत, अशी वाटाघाट घरात होऊ शकते. सकाळी शाळेची बस गाठायची घाई असेल, तर बटणे लावण्याचा सराव संध्याकाळी करावा. दिवसातून अर्धा तास मुलाच्या गतीने चालला तरी पुष्कळ झाले.

मोकळीक म्हणजे मोकाटपणा नव्हे

माँटेसरी म्हणजे मुलाला हवे ते करू देणे, हा गैरसमज जुना आहे. स्वतःला वा इतरांना इजा करणे, वस्तू मोडणे याला या पद्धतीत थारा नाही. निवड असते ती मर्यादेच्या आत. ‘कोणता शर्ट घालशील?’ असे कपाट उघडून विचारण्याऐवजी दोन शर्ट पुढे ठेवावेत. बक्षीस आणि शिक्षा या दोहोंबाबत डॉ. माँटेसरी सारख्याच साशंक होत्या. प्रत्येक कृतीला ‘शाबास’ मिळाले की मुलाचे लक्ष कामावरून मोठ्यांच्या चेहऱ्याकडे वळते. ‘सगळ्या चपला जोडीने लागल्या’ एवढे म्हटले तरी पुरते. गढलेल्या मुलाला मध्येच हाक मारू नये, हा नियम तर कौतुकाच्याही वरचा.

पद्धतीच्या मर्यादा

या विचारावर आक्षेपही आहेत. अगदी लहान मुलांना परीकथा सांगण्याबाबत डॉ. माँटेसरी उत्साही नव्हत्या. गिजुभाईंनी मात्र बालमंदिरात गोष्टीला मानाचे स्थान दिले. गोष्टींच्या परंपरेत वाढलेल्या घरांनी येथे गिजुभाईंचा हात धरावा. परिणामांबाबतही सावध असावे. ‘सायन्स’ या नियतकालिकात २००६ मध्ये अमेरिकेतील एका माँटेसरी शाळेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे प्रवेश सोडतीने होत. सोडतीत प्रवेश मिळालेली पाच वर्षांची मुले, न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत अक्षर-अंकज्ञानात आणि परस्पर वागणुकीत सरस आढळली. पण अभ्यासातील मुले शंभराच्या आसपासच होती आणि तो शाळेचा अभ्यास होता, घराचा नव्हे. घरी चार कामे दिली की मूल हुशार होईल, असे आश्वासन त्यातून निघत नाही.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. शेंगदाणे, हरभरे, मणी यांसारख्या बारीक वस्तू लहान मुलाच्या नाकात किंवा श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यामुळे अशी कामे मोठ्यांच्या नजरेसमोरच व्हावीत आणि तीन वर्षांखालील मुलाच्या हाती त्या देऊच नयेत. पाण्याने भरलेली बादली, गॅस, इस्त्री आणि धारदार सुरी यांपासून मुलाला दूरच ठेवावे.

‘मी करतो’, ‘मला करू दे’ हा धोशा साधारण दुसऱ्या वर्षी सुरू होतो. त्याला दरवेळी ‘तुला नाही जमणार, सरक’ असे उत्तर मिळाले, तर मूल हळूहळू मागणे सोडते. मग सातव्या-आठव्या वर्षी ‘बुटाची लेसही बांधत नाही, पाण्याचा पेलाही उचलत नाही’ ही तक्रार त्याच घरात ऐकू येते. मदतीला धावण्यापूर्वी मनातल्या मनात दहा अंक मोजण्याइतका धीर आई-वडिलांनी धरला, तरी बुटाची लेस बांधण्याचा सराव वेळेवर सुरू होईल.