सव्वातेरा ते पावणेचौदा

लेस्टरमधल्या त्या घरात पोरं झोपली की सू टाउनसेंड लिहायला बसायची. लिहिलेले कागद जिन्याखालच्या खोक्यात जायचे. तिच्या लिहिण्याचा कुणालाच पत्ता नव्हता. अशी जवळजवळ वीस वर्षं गेली.

जन्म १९४६ चा, पोस्टमनच्या घरातला. आठ वर्षांची होईतो तिला वाचता येत नव्हतं. गालगुंड होऊन अंथरुणाला खिळली तेव्हा आईनं रिचमल क्रॉम्प्टनची 'विल्यम'ची पुस्तकं आणून दिली आणि वाचनाचं वेडच लागलं. पुढे कपड्यांच्या दुकानातली नोकरी गेली तीही वाचण्यापायीच. कपडे घालून बघायच्या खोलीत ऑस्कर वाइल्ड वाचताना ती सापडली. अठराव्या वर्षी लग्न, तेविशीपर्यंत तीन मुलं, मग लग्नही मोडलं.

एके दिवशी थोरल्या मुलानं विचारलं, बाकीची कुटुंबं सफारी पार्कला जातात, आपण का जात नाही? सू चमकली. तो सूर तिच्या ओळखीचा होता. स्वतःची कीव करणारा, आणि 'हे माझे आईबाप असूच शकत नाहीत' अशी खात्री असलेला. कोवळ्या वयात तिनंही तो आतल्या आत काढला होता. त्या सुरात बोलणारा एक मुलगा तिला सापडला आणि त्याची रोजनिशी सुरू झाली.

सूचं मोठेपण मला इथेच दिसतं. तिनं त्या पोराची टिंगल केली नाही. आपण विनोदी आहोत हे त्याला कधीच कळत नाही. हनुवटीवरची पुटकुळी आणि देशाचं राजकारण तो सारख्याच गांभीर्यानं नोंदवतो. आपल्याला हसू येतं ते त्यामुळे, आणि जीव तुटतो तोही त्यामुळेच.

१९७८ मध्ये जोडीदार कॉलिन ब्रॉडवेनं आग्रह केला, म्हणून ती फीनिक्स थिएटरच्या लेखक-गटात गेली. कितीतरी आठवडे तोंड उघडलं नाही. मग 'वूम्बरँग' हे नाटक लिहिलं आणि त्यामुळे थेम्स टेलिव्हिजनची लेखनवृत्ती मिळाली. अशात एका नटाला ऑडिशनसाठी काहीतरी हवं होतं. सूनं कधीची लिहून ठेवलेली रोजनिशी बाहेर काढली. तिथून ती बीबीसी रेडिओच्या नाट्यविभागात जॉन टायडमन यांच्या हाती पोचली, आणि जानेवारी १९८२ मध्ये सव्वातेरा वर्षांचा नायजेल मोल साऱ्या ब्रिटनशी बोलू लागला.

त्याच वर्षी मेथ्यूएननं पुस्तक काढलं. नायजेल मोल्सवर्थ नावाचा शाळकरी नायक आधीच गाजलेला होता, म्हणून नायजेलचा ॲड्रियन झाला, वय पावणेचौदा. लाखो प्रती खपल्या. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपाची कादंबरीकार ठरली ती ही सू. टायडमन यांना तर पुस्तकात खऱ्या नावानिशी जागा मिळाली: ॲड्रियन बीबीसीला आपली कविता पाठवतो आणि टायडमन त्याला उत्तर लिहितात.