घसरण्यासाठी घडवलेली गाडी

शर्यतीच्या गाडीचा टायर म्हणजे रस्ता घट्ट धरून ठेवायची खटपट. रबर किती मऊ असावं, किती तापलं की चिकटावं, यावर कंपन्या वर्षानुवर्षं डोकं आणि पैसा खर्च करतात. रिमोटवर चालणाऱ्या ड्रिफ्ट कारच्या चाकाला मात्र रबर औषधालाही नसतं. चाकावर कडक प्लॅस्टिकचं गुळगुळीत कडं बसवलेलं असतं. नखाने टकटक केली तर नळाच्या पाइपसारखा आवाज येतो. आणि ही गाडी सरळ फार पळत नाही. वळणाआधीच तिची शेपटी बाहेर फेकली जाते, पुढची चाकं वळणाच्या उलट दिशेला तोंड करतात आणि सबंध वळण ती आडवी होऊन पार करते. ती घसरावी म्हणून तिचा भाग न् भाग घडवलेला असतो.

हे वेड मूळचं जपानचं. मोटारसायकलवरून मोटारींकडे आलेले कुनिमित्सु ताकाहाशी १९७०च्या दशकात शर्यतीत वळणावर गाडी मुद्दाम घसरवत नेत. ते पाहून केइची त्सुचिया या तरुणाने डोंगरातल्या घाटरस्त्यांवर तीच कला घोटली. १९८७ मध्ये निघालेल्या ‘प्लस्पी’ या व्हिडिओत त्याची टोयोटा एई८६ घाटात घसरताना दिसते आणि तिथून हा प्रकार जपानभर पसरला. त्सुचियाला पुढे ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणू लागले. १९९५ पासून शुइची शिगेनोची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा छापून येऊ लागली. तिच्यात टोफू पोचवणारा एक शाळकरी मुलगा त्याच एई८६ मधून भल्याभल्यांना मागे टाकतो. १६०० सीसी इंजिनाची ही साधी गाडी आज छोट्या मॉडेलांच्या दुकानात मोठ्या मानाने मिरवते, ती त्सुचिया आणि शिगेनो यांच्या पुण्याईवर.

मॉडेल म्हणजे बहुतेक वेळा एकदशांश आकाराचं. चेसिस आणि बॉडी वेगवेगळ्या मिळतात, म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ठरूनच गेलंय: साधारण २५७ मिलिमीटर. खऱ्या एई८६ मध्ये ते २४०० मिलिमीटर. नीट मोजून केली तर छोटी एई८६ २४० मिलिमीटरची व्हायला हवी. तिला ठरलेल्या चेसिसवर बसवायचं म्हणून बॉडी करणारे तिला गुपचूप थोडी ताणतात, रुंदीतही फुगवतात. निसान सिल्व्हिया एस१५ चं अंतर मुळात २५२५ मिलिमीटर, त्यामुळे तिची ओढाताण कमी होते. बॅटरीसकट वजन दीड किलोच्या आतबाहेर.

सुरुवातीला ड्रिफ्टसाठी वेगळी गाडी नव्हतीच. शिझुओकाच्या तामियाने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ काढून रिमोटच्या गाड्या घरोघरी नेल्या होत्या, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत चारही चाकांवर चालणाऱ्या एकदशांश गाड्या सगळीकडे झाल्या. त्या चालवणाऱ्यांपैकी कुणीतरी पीव्हीसी पाइपच्या चकत्या कापून चाकांवर चढवल्या, कुणी टायरला इन्सुलेशन टेप गुंडाळला, आणि गाडी घसरू लागली. योकोमोसारख्या कंपन्यांनी मग तयार ड्रिफ्ट किट काढली. पण चारही चाकं एकाच वेगाने फिरली की पुढची चाकं गाडीला ओढत नेतात. पुढच्या चाकांचं ते ऐटदार उलटं वळणं दिसतच नाही. त्यावर उपाय म्हणून गिअर बदलून मागची चाकं पुढच्यांपेक्षा जास्त फिरवायची पद्धत आली. पुढची दहा फेरे घेत असतील तर मागची पंधरा, नंतर वीस. शेवटी पुढच्या चाकांची मोटरशी जोडणीच तोडून टाकली आणि खऱ्या सिल्व्हियासारखी मागच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी जन्माला आली. योकोमोची वायडी-२ आणि तैवानच्या एमएसटीची आरएमएक्स ही या घराण्यातली सर्वपरिचित नावं.

ही मागच्या चाकांची गाडी हातात आली आणि लोकांना कळलं की माणसाला ती सांभाळताच येत नाही.

कारण गमतीचं आहे. गाडी दहापट लहान केली, पण गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. टायर आणि जमीन यांच्यातलं घर्षण तेवढंच राहिलं, तर गाडीला गिरकी घ्यायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. दहाचं वर्गमूळ सुमारे ३.१६. म्हणजे खऱ्या गाडीची शेपटी बाहेर जायला एक सेकंद लागत असेल, तर छोटीची एक तृतीयांश सेकंदातच निघून गेलेली असते. छोट्या गाडीचं घड्याळच तिप्पट पळतं. माणसाचं मात्र तेच राहतं. डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो, आणि तेवढ्यात गाडी पार फिरून तुमच्याकडे तोंड करून उभी असते. शिवाय खऱ्या गाडीत मागचा भाग सुटला की चालकाला तो आधी कंबरेतून कळतो, मग डोळ्यांना. रिमोट धरून बाजूला उभ्या असलेल्याला ते सुख नाही.

कडक प्लॅस्टिकच्या टायरची खरी करामत इथे कळते. घर्षण कमी केलं की हेच घड्याळ मंदावतं. घर्षण पावपट झालं, तर वेळ दुप्पट होतो, आणि तिप्पट पळणारं घड्याळ दीडपटीवर येतं. टायर गुळगुळीत केल्याने गाडी घसरते हे तर खरंच, पण ती सावकाश घसरते, मोठ्या गाडीच्या चालीने घसरते, ही त्याहून मोठी गोष्ट. चांगल्या हातातली छोटी सिल्व्हिया व्हिडिओत पाहिली तर क्षणभर खरीच वाटते, त्याचं निम्मं श्रेय या स्वस्त कड्यांना.

उरलेली उणीव जायरो भरून काढतो. बोटाच्या पेराएवढी ही डबी रिसीव्हर आणि सर्वो, म्हणजे स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर, यांच्या मध्ये जोडतात. आत सिलिकॉनचा सूक्ष्म भाग सतत थरथरत असतो. गाडी फिरू लागली की ती थरथर आडव्या अंगाला सरकते आणि त्यावरून गाडी किती वेगाने वळतेय ते मोजलं जातं. शेपटी सुटली की माणसाच्या आधी जायरोच पुढची चाकं उलट वळवतो. रिमोटच्या हेलिकॉप्टरची शेपटी स्थिर ठेवायला हे तंत्र आधीपासून वापरात होतं, तिथून ते गाड्यांत आलं. चारही चाकांवर गाडी चालवणाऱ्या जुन्या ड्रिफ्टवाल्यांना ही लबाडी वाटे. वरचा हिशेब पाहिला तर हा आक्षेप टिकत नाही. जायरो चालकाला कंबर परत देतो, एवढंच.

जायरो बसवल्यावर करायची एक तपासणी कधीही चुकवू नये. गाडी चालू करून हातात उचला आणि तिचं नाक झटकन डावीकडे फिरवा. पुढची चाकं उजवीकडे वळली पाहिजेत, जणू जुन्या दिशेकडेच बघत राहिलीत. तीही डावीकडे वळली तर जायरोची दिशा उलटी आहे. तशी गाडी जमिनीवर ठेवली की ती पहिल्याच वळणाला भोवऱ्यासारखी गरगरते. मग येतो ‘गेन’, म्हणजे जायरोने किती जोर लावायचा ते. तो वाढवत नेला की एका टप्प्यावर सरळ जातानाही पुढची चाकं डावी-उजवी थडथडू लागतात. तिथून जरासा मागे आणायचा. डबी चिकटवायची ती फोमच्या दुहेरी टेपने, नाहीतर मोटरची थरथरसुद्धा तिला वळण वाटते.

पहिली गाडी कोणती घ्यावी? काही हजार रुपयांत डब्ल्यूपीएल कंपनीचा डी१२ हा छोटा ट्रक मिळतो. सुझुकी कॅरीच्या धर्तीचा, मागच्या चाकांवर चालणारा. आपली मारुती व्हॅन ज्या घराण्यातून आली तेच हे कॅरी, त्यामुळे आपल्याकडच्यांना त्याचं थोबाड पाहूनच प्रेम येतं. शिकायला तो वाईट नाही, पण त्यातले भाग नेहमीच्या ड्रिफ्ट चेसिसला लागत नाहीत. सुधारणेवर घातलेला पैसा त्याच्याबरोबरच संपतो. तामियाची टीटी-०२डी चारही चाकांवर चालणारी. स्वतः जुळवताना गाडीचं शरीरशास्त्र शिकवते आणि मार सहन करते. ज्याला हे वेड टिकणार याची खात्री आहे, त्याने थेट मागच्या चाकांच्या चेसिसवर जावं. माझं मत या शेवटच्या वाटेकडे झुकतं, कारण तिथे पहिला सुटा भागही वाया जात नाही.

नवखा माणूस सगळ्यात आधी जबर मोटर आणतो. याहून उलटी गंगा नाही. मागची चाकं आधीच घसरतायत; जास्त ताकद दिली तर ती जागेवरच जास्त फिरतील. ब्रशवाली साधी ५४० मोटर शिकायला पुरते. पुढे ब्रशलेस घ्यायची झाली तर सेन्सरवाली घ्यावी, म्हणजे मंद गतीत ती अडखळत नाही. १०.५ किंवा १३.५ टर्नची मोटर पुष्कळ होते. वेटोळे जितके कमी, तितकी मोटर वेगवान, पण इथे त्या वेगाला गिऱ्हाईक नाही.

पहिला खर्च टायरचा. जमीन ओळखून प्लॅस्टिक निवडायचं: डांबरासाठी वेगळं, गालिच्यासाठी वेगळं, जपानी ट्रॅकवरच्या टाइलसाठी वेगळं. आपल्याकडे घरात व्हिट्रिफाइड टाइल असते, गच्चीवर कोबा, वाड्याच्या अंगणात शहाबादी. टाइलवर जो टायर लोण्यासारखा सरकतो, तोच कोब्यावर तासाभरात खरवडून निघतो. नवा टायर साच्यातून चकचकीत येतो, ती चकाकी थोडी फिरवून घालवावी लागते. तोपर्यंत गाडी कशी वागतेय यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. आणि फरशी झाडून घ्यावी. धुळीचा पातळ थरसुद्धा सगळी मांडणी बिघडवतो.

दुसरा खर्च सर्वोचा. जायरो कितीही हुशार असला तरी चाकं वळवतो तो सर्वो. साध्या सर्वोला ६० अंश फिरायला ०.१५ ते ०.२० सेकंद लागतात, चांगल्याला ०.०८ च्या आसपास. मंद सर्वोवर महागडा जायरो लावला की जायरोची आज्ञा पोचते तेव्हा ती शिळी झालेली असते, आणि गाडी साप चालल्यासारखी डुलते. तिसरी गोष्ट स्टिअरिंगचा कोन. घरातल्या मोटारीची चाकं ३५-४० अंशांपर्यंत वळतात. ड्रिफ्ट कारची ६० च्या पुढे जावी लागतात, कारण गाडी जितकी आडवी, तितकं चाक उलटं. त्यासाठी चाकाच्या मुळाशी असलेला नकल आखूड करतात, चाक धरून ठेवणारे खालचे आर्म आतून कोरतात. कोन वाढवला की चाक आर्मला कुठे घासतंय का, ते हाताने फिरवून बघावं.

मागचं डिफरन्शिअल घट्ट केलं की दोन्ही मागची चाकं एकत्र फिरतात आणि घसरण एकसारखी राहते. तामियाच्या गाड्यांत लोक त्या गिअरमध्ये चक्क पुट्टी भरतात. बॅटरी मागे सरकवली की मागच्या चाकांवर भार येतो आणि गाडी आडवी राहूनही पुढे जाते. या दोन गोष्टींना पैसा जवळपास लागत नाही.

बॅटरीत मात्र काटकसर नको. दोन सेलची लिथियम पॉलिमर, ७.४ व्होल्टची. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट, ३ च्या खाली गेला तर तो कायमचा खराब. महिनाभर वापरायची नसेल तर ३.८ च्या आसपास ठेवावी. बॅलन्स चार्जर हवाच, फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही आणि रात्रभर चार्जिंगला ठेवून झोपायचं नाही. यातल्या बेफिकिरीने आग लागते.

बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची येते आणि रंग आतून द्यायचा असतो. म्हणजे सगळा क्रम उलटा: बारीक पट्टे आणि नक्षी आधी, मुख्य रंग नंतर, पाठीचा पांढरा किंवा काळा हात शेवटी. चूक झाली की ती बाहेरून लगेच दिसते, पण भिंतीवर घासलं तरी रंग जात नाही, तो आत सुरक्षित असतो. खिडक्यांना आतून चिकटपट्टी लावायला विसरलेली बॉडी कायमची आंधळी.

सरावाला एक बाटली मध्ये ठेवून गोल, मग दोन बाटल्यांभोवती इंग्रजी आठ. गोलात एकाच दिशेची सवय होते. आठच्या मधल्या फुलीत गाडी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर फेकावी लागते आणि तिथे रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर किती सोडायचा ते कळतं. गाडी आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, हा घोळ सगळ्यांचाच होतो आणि हाताला वळण लागलं की जातो.

स्पर्धेत घड्याळ लावत नाहीत. खऱ्या ड्रिफ्टसारखेच परीक्षक गाडी कोणत्या रेषेने गेली, किती आडवी होती, किती सफाई होती यावर गुण देतात. नंतर जोडफेऱ्या होतात: पुढची गाडी वाट दाखवते, मागचीने तिच्या दाराला जवळजवळ चिकटून, तेवढ्याच कोनात घसरायचं, मग अदलाबदल. म्हणूनच बऱ्याच ट्रॅकवर सगळ्यांना एकाच प्रकारचा टायर सक्तीचा असतो. एकाची पकड वेगळी असेल तर दोन गाड्या सोबत घसरूच शकत नाहीत. या फेऱ्यांत नाक आणि शेपटी आपटतातच. नवख्याने फोमचा बंपर, खालचे पुढचे आर्म आणि स्टिअरिंगचे दांडे यांचे जादा नग पहिल्याच खरेदीत घेऊन ठेवावेत. किट परदेशातून येतं, तसे हे नगही तिकडूनच येतात, आणि आर्म मोडतो तो नेमका रविवारी सकाळी.