रुईच्या गाठीने आखलेली इमारत

मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस 1878 ते 1888 या दहा वर्षांत उभे राहिले. वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी त्याच्या माथ्यांवर शेती, व्यापार आणि अभियांत्रिकी यांच्या मूर्ती बसवल्या. हे ज्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे मुख्यालय होते, तिच्या डब्यांतून वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाई आणि त्यात आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावचा वाटा मोठा होता. तरी मला स्टीव्हन्सच्या घुमटापेक्षा खामगावसारख्या कापूसपेठेतले जिन-प्रेस, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, अधिक थक्क करते. त्याची प्रत्येक भिंत कापसाच्या स्वभावाने ठरवली आहे.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. 1869 च्या अखेरीस सुएझ कालवा खुला झाला. 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब-खामगाव रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला आले. तो फाटा जेमतेम तेरा किलोमीटरचा! त्याच वर्षी समुद्राखालची तार मुंबईला पोहोचली आणि लिव्हरपूलचा भाव इकडे काही तासांत कळू लागला.

आता कापसाकडे या. वेचलेल्या कपाशीच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश, बाकी बहुतेक सरकी. ती इथेच वेगळी केली, तर फुकटचे ओझे वाहायला नको. हे काम जिनचे. त्याची इमारत लांबच लांब असते, कारण रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रे, एका ओळीत मांडायचे आणि सगळे एकाच फिरत्या दांड्यावरून पट्ट्यांनी चालवायचे. अनेक ठिकाणी रेचे वरच्या मजल्यावर असत. बाया त्यांना कपाशी भरवत, सरकी जमिनीतल्या फटींतून आपोआप खाली पडे. दोन मजल्यांचे कारण हे इतके साधे आहे!

प्रेसची इमारत मात्र उंच. वरून रुई पेटीत टाकायची, पायांनी तुडवायची, मग खालच्या खड्ड्यातला दट्ट्या वर येऊन ती दाबणार. 392 पौंडांची, म्हणजे सुमारे 178 किलोंची गाठ अवघ्या दहा-अकरा घनफुटांत बसे. जहाजाचे भाडे आकारमानावर ठरे. त्यामुळे दाबलेला प्रत्येक इंच म्हणजे वाचलेला पैसा. खड्डा किती खोल आणि छप्पर किती उंच, हे गाठीच्या या मापाशी बांधलेले होते.

उरली आग. सुटी रुई ठिणगीने भडकते, म्हणून बॉयलर आणि धुराडे आवाराच्या एका अंगाला, गोदामे वेगवेगळी, मध्ये मोकळे मैदान. हंगामात बैलगाड्यांची रांगही त्याच मैदानात मावे. कापूसपेठेत जुने धुराडे दिसले, तर आधी त्याच्यापासून गोदाम किती लांब आहे ते पाहा.