घर घेताना गृहकर्ज एजंट : मदत किती घ्यायची, जबाबदारी कोणाची?



भिवंडीत कामतघर, टेमघर, अंजूरफाटा किंवा ठाण्याच्या बाजूला काल्हेर, कशेळीकडे गेलात तर नव्या इमारतींचे फलक दिसतात. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून ते वाढलेच आहेत. बहुतेक फलकांवर एक ओळ ठरलेली असते, 'कर्जाची सोय उपलब्ध'. ही सोय करून देणारा माणूस म्हणजे गृहकर्ज एजंट. पालकसभेनंतर बरेच पालक विचारतात, "सर, एजंटकडून कर्ज केलं तर चालतं का?" म्हणून आजचा लेख याच विषयावर.

एजंट म्हणजे नेमका कोण?

बँकेच्या भाषेत याला 'डायरेक्ट सेलिंग एजंट', म्हणजेच डीएसए म्हणतात. तो बँकेसाठी ग्राहक शोधतो, कागदपत्रं गोळा करतो, फॉर्म भरून फाईल बँकेत पोहोचवतो. काही एजंट एकाच बँकेचं काम करतात, काही अनेक बँका आणि गृहवित्त कंपन्यांचं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कर्ज मंजूर करायचा अधिकार एजंटला नसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक कर्जमंजुरीचं काम बाहेरच्या माणसाला सोपवू शकत नाही. त्यामुळे "माझी आतमध्ये ओळख आहे, शंभर टक्के पास करून देतो" असं कोणी म्हणालं तर तिथेच सावध व्हा.

त्याचे पैसे कोण देतं?

कर्ज वितरित झालं की बँक एजंटला कर्जाच्या रकमेवर कमिशन देते. म्हणजे साधारणपणे आपण त्याला वेगळे पैसे द्यायची गरज नसते. पण याचीच दुसरी बाजू समजून घ्या. कर्ज जितकं मोठं, तितकं कमिशन मोठं. ज्या संस्थेचं कमिशन जास्त, तिचं नाव तो आधी घेण्याची शक्यताही जास्त. यात तो माणूस वाईट आहे असं नाही, पण तो बँकेचा माणूस आहे, आपला वकील नाही.

ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२१ पासून गृहकर्ज मध्यस्थाला ग्राहकाचं हित आधी पाहणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे डीएसए बँकेच्या वतीने काम करतो. म्हणून आपलं हित आपणच पाहायचं.

अर्धा टक्का म्हणजे किती?

समजा २५ लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी घेतलं.

- ८.५ टक्के दराने मासिक हप्ता : सुमारे २१,६९६ रुपये
- ९ टक्के दराने मासिक हप्ता : सुमारे २२,४९३ रुपये
- महिन्याचा फरक : सुमारे ७९७ रुपये
- २४० हप्त्यांचा फरक : सुमारे १ लाख ९१ हजार रुपये

"अर्ध्या टक्क्याने काय होतंय?" असं एजंट सहज म्हणून जातो. काय होतं ते वर दिसतंय. (वरच्या वर्गांना शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या, मुलं घरी जाऊन सांगतात.)

म्हणून एजंट असला तरी निदान दोन बँकांच्या शाखेत स्वतः जाऊन दर विचारा. मंजुरीनंतर 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना हा कागद देणं बंधनकारक आहे. त्यात व्याज, प्रक्रिया शुल्क आणि इतर खर्च धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात ते लिहिलेलं असतं. दोन बँकांची तुलना करायची ती याच आकड्यावर.

एजंटचा उपयोग कुठे होतो?

उपयोग नाहीच असं नाही. आपल्या गावात यंत्रमागावर काम करणारे, छोटी दुकानं चालवणारे पालक खूप आहेत. पगार रोख, पगारपत्रक नाही. अशा वेळी कोणती संस्था कोणत्या कागदांवर उत्पन्न मान्य करते, हे चांगल्या एजंटला माहीत असतं. मात्र रोख उत्पन्नावर कर्ज देणाऱ्या संस्थांचा दर बऱ्याचदा जास्त असतो, तो आधी विचारा. आणि कोणी "पगारपत्रक मी बनवून देतो" म्हणालं तर सरळ नाही म्हणा. खोट्या कागदाखाली सही तुमची असते, गुन्हाही तुमच्यावरच येतो.

शिक्षकांचं उलट आहे. पगार शालार्थमधून थेट बँकेत जमा होतो, त्यामुळे बँका आपल्याला आनंदाने कर्ज देतात. पगाराचं खातं असलेल्या शाखेत आधी चौकशी करा. पतसंस्थेचं कर्ज चालू असेल तर त्याचा हप्ता धरूनच पात्रता ठरते, ते लपवू नका.

या चुका टाळा

१. एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी अर्ज टाकू देऊ नका. प्रत्येक बँक आपला सिबिल अहवाल तपासते आणि थोड्या काळात खूप चौकशा झाल्या की गुण कमी होऊ शकतात.

२. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. कागदांच्या झेरॉक्सवर 'फक्त गृहकर्जासाठी' असं लिहून तारीख टाका.

३. प्रक्रिया शुल्क फक्त बँकेच्या खात्यात भरा. एजंटच्या हातात रोख नको.

४. स्वतःच्या पैशांची तयारी ठेवा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. २८ लाखांचं घर असेल तर किमान २ लाख ८० हजार आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्याशिवाय.

५. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. रेरा कायद्यातच तशी तरतूद आहे.

'कर्ज पास झालं, म्हणजे इमारत अधिकृत' : हा मोठा गैरसमज

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचा क्रमांक मिळवला गेल्याचं उघड झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा इमारतींवर कारवाईचे आदेश दिले. तिथे राहणाऱ्या अनेकांनी बँकेचं कर्ज काढून घर घेतलं होतं. घरावर हातोडा पडायची वेळ आली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

भिवंडीत तर आपण २१ सप्टेंबर २०२० ची पहाट विसरू शकत नाही. पटेल कंपाऊंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि अनेकांचा जीव गेला. म्हणून इमारतीचे कागद तपासणं हे एजंटवर सोडायचं काम नाही.

काय तपासाल?

- महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक.
- बांधकाम परवानगी खरी आहे का, याची चौकशी थेट नियोजन प्राधिकरणाकडे. शहरात भिवंडी-निजामपूर महानगरपालिका, तर भोवतालच्या अधिसूचित गावांत एमएमआरडीए.
- जमिनीचा सातबारा आणि लागू असेल तिथे अकृषिक परवानगी.
- तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र.
- बिल्डरच्या नव्हे, स्वतःच्या वकिलाकडून मालकी हक्काचा शोध अहवाल.

तक्रार कुठे करायची?

बँकेच्या एजंटने फसवलं तर बँक हात झटकू शकत नाही. त्याच्या कामाची जबाबदारी बँकेचीच असते. आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

थोडक्यात, एजंटकडून कागदपत्रांची धावपळ कमी करून घ्या, पण दर, करारनामा आणि इमारतीची परवानगी या तीन गोष्टी स्वतः पाहा. एजंटचं काम कर्ज वितरित झालं की संपतं. हप्ते पुढची वीस वर्षं आपल्याला भरायचे असतात.

आपल्या शाळेतला एखादा पालक घराच्या शोधात असेल तर त्याला हा लेख जरूर वाचून दाखवा.