लाल विटांचे घर

घर पाहायला गेले की आपली नजर आधी दर्शनी बाजूवर जाते. मधोमध दरवाजा, दोन्ही अंगांना सारख्याच खिडक्या, भिंतीला गुळगुळीत गिलावा! एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातली कितीतरी प्रतिष्ठित घरे अशीच असत. आत वीट आणि बाहेर दगडाचा आव. हा आव टाकून देणारे एक घर लंडनच्या आग्नेयेस, बेक्सलीहीथ येथे १८५९-६० साली उभे राहिले. त्याचे नाव 'रेड हाऊस'.

घरमालक विल्यम मॉरिस पंचवीस वर्षांचा, नुकताच लग्न झालेला. वास्तुशिल्पी फिलिप वेब अठ्ठावीस वर्षांचा. स्वतंत्रपणे हाती घेतलेले त्याचे हे पहिलेच घर. वेबने आधी पाहिले, आत राहणाऱ्याला काय हवे? खोल्या ठरल्या, मग त्यांच्या सोयीने खिडक्या. म्हणून कुठे लांबट खिडकी, कुठे चक्क गोल! वीट विटेसारखीच उघडी ठेवली, वर उतरते कौलारू छप्पर घातले. घर काटकोनात वळते आणि त्या कोपऱ्यात विहीर, तिच्यावर शंकूसारखे छप्पर. जागेवरची सफरचंदाची झाडेही होता होईतो राखली.

घर झाले, पण आत ठेवायला मनाजोगते सामान बाजारात मिळेना. मग काय, मित्रमंडळीच कामाला लागली. कुणी भिंती रंगवल्या, कुणी कपाटे. मॉरिसची पत्नी जेन भरतकामाला बसली. यातूनच १८६१ साली सजावटीच्या वस्तू करणारी कंपनी निघाली. बागेतल्या गुलाबाच्या मांडवावरून मॉरिसने भिंतीच्या कागदाची नक्षी काढली. त्यातले पक्षी वेबचे. 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' हे नाव रूढ झाले ते पुढे, १८८७ नंतर.

या घरातही उणिवा होत्याच. मुख्य खोल्या उत्तरेकडे, त्यामुळे थंडी फार. पाचच वर्षांत, १८६५ साली, मॉरिसने ते सोडले. त्याहून मोठी अडचण निराळीच. कारागिराने मन लावून केलेली वस्तू महाग पडते. ती घेणार श्रीमंतच. सुंदर वस्तू सर्वांना मिळावी म्हणणाऱ्या मॉरिसला हे जन्मभर सलत राहिले. पुढे तो समाजवादाकडे वळला, त्यामागे ही सलही होती.

२००३ पासून हे घर नॅशनल ट्रस्टकडे आहे. त्या विटांनी विचारलेला प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही: चांगले घर, चांगली वस्तू ज्याच्या हातून घडते, त्याच्या स्वतःच्या घरी ती कधी पोचणार?