स्कॅनर घेतला, आता वाचायचा कसा?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्यांची सक्ती झाली. या गाड्यांचा दोष नुसत्या कानाने ओळखणे अवघड. मीटरवर इंजिनचा दिवा लागला की हिमायतनगरचे गिऱ्हाईक भोकरमार्गे नांदेडचे शोरूम गाठते. त्याचा दिवस जातो आणि गावातल्या मिस्त्रीचे काम जाते. हे काम गावातच ठेवायचे तर स्कॅनर हवाच. पण त्यावर दिसणारा कोड म्हणजे दोष नव्हे, दोषाचे लक्षण आहे, हे आमच्या कारागीर बंधूंनी आधी ध्यानात घ्यावे.

स्कॅनर स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला जोडतात. त्याआधी बॅटरी मोजावी. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट हवेत. बॅटरी उतरलेली असेल तर भलतेच कोड येतात. आलेले कोड वहीत लिहून घ्यावेत, लगेच पुसू नयेत. कोड पडला तेव्हा इंजिन किती गरम होते, किती आरपीएमवर होते, याची नोंदही कॉम्प्युटर ठेवतो. कोड पुसला की तीही जाते.

समजा पी ०३०१ आला. म्हणजे पहिला सिलिंडर मिसफायर करतो. त्याला प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा गळणारे कॉम्प्रेशन, काहीही कारण असू शकते. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर पहिली व दुसरी अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि गाडी फिरवून आणावी. आता पी ०३०२ आला तर कॉइलच खराब. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

पी ०१७१ मात्र भल्याभल्यांना फसवतो. मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असा त्याचा अर्थ. अनेक जण ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात. सेन्सर बिचारा बहुधा खरेच सांगत असतो! येथे लाइव्ह डेटामधील फ्युएल ट्रिम पाहावा. तो साधारण अधिक-उणे १० टक्क्यांत असावा. आयडलवर बराच वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर कोठूनतरी हवा ओढली जाते. होजपाइप व मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासावे. उलट लोड पडल्यावर वाढत असेल तर पंप कमजोर, फिल्टर तुंबलेला किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलेला असतो.

मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ यंत्र शिकण्यापुरते चांगले. पण एबीएस, एअरबॅग किंवा डिझेल गाडीच्या डीपीएफची सफाई यांसाठी त्या कंपनीच्या गाड्यांना चालणारा मोठा स्कॅनर लागतो. विकत घेताना आपल्याकडे येणाऱ्या गाडीवर लावूनच पाहावा.

तपासणीची मजुरी गिऱ्हाइकाला आधी सांगावी. काम झाल्यावर कोड पुसून गाडी गरम होईपर्यंत चालवावी, पुन्हा स्कॅन करावा आणि मगच बिल करावे.