निडीच्या अंगणातली दुर्बीण आणि तिचा कॅमेरा

पेण-रोहा मार्गावर नागोठणं सुटलं की निडी येतं. इथे अंगणात किंवा गच्चीवर दुर्बीण लावणारा हौशी कॅमेरा शोधू लागला, की एकाच पेटीवर ‘गाइडिंग’ (लांब फोटोंसाठी दुर्बीण ताऱ्यावर धरून ठेवणं) आणि ‘प्लॅनेटरी’ (ग्रहांचे फोटो) ही दोन्ही कामं छापलेली दिसतात. एक कॅमेरा दोन्ही करू शकतो, पण या कामांच्या गरजा जवळजवळ उलट आहेत. माझं मत आधीच सांगतो: पहिला कॅमेरा ग्रहांच्या हिशेबाने घ्यावा.

ग्रहांना काय लागतं

ग्रह तेजस्वी असतात. त्यांची खरी अडचण थरथरणारी हवा. म्हणून एक फोटो काढत नाहीत. दोन मिनिटांचा व्हिडिओ घेतात आणि त्यातल्या स्थिर क्षणांच्या चौकटी निवडून ऑटोस्टॅकर्टसारख्या सॉफ्टवेअरने एकावर एक रचतात. सेकंदाला १५० चौकटी घेतल्या तर दोन मिनिटांत १८,००० जमतात. त्यातल्या दहा टक्के ठेवल्या तरी १,८०० होतात. जास्त वेळ घेऊन भागत नाही, कारण गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो आणि दोन-तीन मिनिटांनंतर पट्ट्यांमधले तपशील पुसट व्हायला लागतात.

म्हणजे लागतो तो वेग. मेगापिक्सेलच्या मोहात पडू नका. २०० मिमी व्यासाची, १,२०० मिमी नाभीय अंतराची डॉब्सोनियन दुर्बीण घ्या, तिला नाभीय अंतर वाढवणारं २.५ पट बार्लो भिंग आणि २.९ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावा (सोनीचे आयएमएक्स ४६२, ६६२ हे सेन्सर याच मापाचे). एका पिक्सेलमध्ये आकाशाची ०.२ विकला (आर्कसेकंद) येते. प्रतियुतीतला साधारण ४५ विकलांचा गुरू मग जेमतेम २२५ पिक्सेल भरतो! बाकीचं चित्र काळं आभाळच. चौकट ४०० बाय ४०० एवढी कापून घेतली की वेग वाढतो. तरीही १८,००० चौकटींची फाइल तीन जीबीच्या आसपास जाते. इथे यूएसबी ३ आणि लॅपटॉपमधली एसएसडी यांवर तडजोड नको.

ढोबळ नियम असा: पिक्सेलच्या मायक्रॉनची पाचपट तो दुर्बिणीचा बार्लोसकट एफ आकडा. २.९ ला एफ/१५ च्या जवळपास. हवा सारखी हलत असेल तर त्याहून कमीच बरा.

नवख्याला रंगीत कॅमेरा सोपा पडतो. मात्र यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या काचेतून अवरक्त प्रकाशही आत येतो आणि रंग बिघडतात. यूव्ही-आयआर कट फिल्टरचे पैसे बाजूला ठेवा.

कोकणातला फायदा

निडीचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश, त्यामुळे ग्रह इथे चांगले वर चढतात. २०२० मध्ये गुरू खूप दक्षिणेला होता, तरी इथून पन्नास अंशांपर्यंत आला. लंडनकरांना तो सोळा-सतरा अंशांवर बघावा लागला. फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीला तर तो जवळजवळ डोक्यावर असेल. नागोठण्याच्या कारखान्यांचा उजेड ग्रहांच्या फोटोंना बाधत नाही. किंचित धुरकट, वारा पडलेल्या रात्री तर ग्रहांची चित्रं कधी कधी अधिक स्थिर मिळतात.

गाइडिंग कधी

तेजोमेघ, दीर्घिका यांचे मिनिट-मिनिटांचे फोटो घ्यायचे झाले, की दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटच्या चक्रांमधला बारीक दोषही तारे लांबट करतो. मग मुख्य दुर्बिणीवर छोटी दुर्बीण बसवतात. तिच्यातला कॅमेरा तारा धरून राहतो आणि पीएचडी २ हे मोफत सॉफ्टवेअर माउंटला दुरुस्त्या कळवतं. या छोट्या कॅमेऱ्याचे फोटो एक ते तीन सेकंदांचे, म्हणून यूएसबी २ चालतं, कूलिंग लागत नाही. मंद तारा पकडता आला पाहिजे, म्हणून कृष्णधवल सेन्सर उत्तम. रंगीत सेन्सरवरचे फिल्टर बराच प्रकाश खातात. २०० मिमी नाभीय अंतर आणि ३.७५ मायक्रॉन पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलला सुमारे ३.९ विकला. हे जाडंभरडं वाटतं, पण सॉफ्टवेअर ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या अंशापर्यंत काढतं, त्यामुळे ५०० मिमीच्या दुर्बिणीला ते पुरतं. ग्रहांचा रंगीत कॅमेराही सुरुवातीला हे काम निभावतो, फक्त तेजस्वी तारा शोधावा लागतो.

इथे कोकणाचा तोटा पुढे येतो. माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या आधाराने जुळवतात, आणि इथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, तोही नागोठण्याच्या बाजूला. मध्ये डोंगर किंवा आंबा आला तर तो दिसणारच नाही. अशा वेळी पीएचडी २ मधलं ‘ड्रिफ्ट अलाइन’ शिकून घ्यावं. त्याला ध्रुवतारा लागत नाही.

घेण्याआधी, घेतल्यानंतर

पैसे टाकण्याआधी कोणाचा तरी कॅमेरा चालताना बघा. १९४४ पासून चालू असलेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचं खगोल मंडळ इथे असे हौशी भेटतात. वापरलेला कॅमेरा घेत असाल तर तो दुर्बिणीला लावून, तारा धूसर करून बघा; सेन्सरवरची धूळ आणि बुरशी तेव्हा उघडी पडते. पावसाळ्यात आपल्याकडे आभाळ मिळत नाही. त्या महिन्यांत कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि पुड्या ओलावल्या की बदलाव्यात.